प्रेताचा श्वास

पाणीपुरवठा खात्यातल्या पंपकाकांना आयुष्यात पहिल्यांदा धड म्हणावी अशी भूमिका मिळाली, ती मेलेल्या माणसाची.

खात्याच्या नाट्यमंडळात ते तसे जुनेच. पण त्यांचं काम पडद्यामागचं. खरं सांगायचं तर पडद्याचंच. दोरी ओढायची, पडदा वर. दोरी सोडायची, पडदा खाली. मध्यंतरी एकदा त्यांना नोकराचं काम देऊन पाहिलं होतं. "पाहुणे आलेत" एवढंच वाक्य. काका दारातून आत आले, समोरच्या अंधारातली डोकी पाहिली, "पाहुणे गेले" म्हणाले आणि स्वतःही गेले. मग विंगेत नटूनथटून उभ्या असलेल्या पाहुण्यांना आत कसं आणायचं यावरून जी पळापळ झाली, तिची आठवण काढून मंडळी अजून पोट धरून हसतात. तेव्हापासून पंपकाका आणि संवाद यांची गाठ पुन्हा कुणी घातली नव्हती.

यंदा मात्र दिग्दर्शकाने निवडलेल्या नाटकात घरातला कर्ता पुरुष पडदा उघडण्याआधीच मेलेला होता. रंगमंचाच्या मधोमध पलंग, पलंगावर तो, आणि भोवती बायको आणि दोन मुलं. त्याचा जास्त जीव कुणावर होता, यावरून तिघं शेवटपर्यंत भांडतात. प्रेत जागचं हलत नाही आणि प्रेक्षकांच्या नजरेआडही होत नाही.

दिग्दर्शक म्हणजे आस्थापना विभागाचे हेडक्लार्क. त्यांना रजेचा अर्ज नेऊन देणारासुद्धा "दिग्दर्शकसाहेब" म्हणायचा, आणि तसं म्हटलं तर रजा लवकर मिळायची. पलंगावर बाहुला ठेवू, अशी सूचना कुणीतरी केली होती. गादी गुंडाळून तिला सदरा घातला, वर कापसाचं डोकं बसवलं. पहिल्याच तालमीत बायकोने हंबरडा फोडून नवऱ्याला मिठी मारली आणि नवऱ्याचं डोकं घरंगळत पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांखाली गेलं.

"त्यापेक्षा तोंडावरून चादर ओढून घेऊ ना," मीटर तपासनीस म्हणाला. त्याला धाकट्या मुलाचं काम होतं.

"चेहरा दिसला पाहिजे!" दिग्दर्शक कडाडले. "सगळे त्या चेहऱ्याकडे बघून बोलतात. मला मेलेला माणूस हवा, पण जिवंत वाटला पाहिजे."

म्हणजे नेमकं काय हवं, हे कुणालाच कळलं नाही. पण सगळ्यांच्या माना पंपकाकांकडे वळल्या. भरदार मिशा, रुंद कपाळ, एकूण अंगापिंडाने घरातला कर्ता पुरुष शोभेल असा माणूस.

"संवाद नाहीत," दिग्दर्शक म्हणाले. "नुसतं पडून राहायचं. जमेल?"

"पडून राहायचं ना? त्यात काय!" काका म्हणाले, आणि त्यांचा ऊर भरून आला. घोटाळा झाला तो त्या भरून येणाऱ्या उरामुळेच.

पंपकाका हे नाव त्यांना पंपघरातल्या नोकरीमुळे पडलं, असं ते स्वतः सांगत. बाकीचे सांगत ते वेगळं. काका चार पायऱ्या चढले की त्यांचं तोंड उघडायचं, खांदे कानांपर्यंत जायचे आणि छातीतून "हुस्स, फुस्स" असा आवाज सुरू व्हायचा. ते जिना चढायला लागले की वरच्या मजल्यावरचे कारकून पत्ते आवरून फायली उघडत. पाठोपाठ एखादा साहेब येत असेल तर तेवढीच आगाऊ सूचना.

प्रेत म्हणून पहिल्या तालमीत काका पलंगावर आडवे झाले. तक्रारबाईंनी हंबरडा फोडला. या बाई खात्याच्या तक्रार खिडकीवर बसत. पाणी नाही म्हणून तावातावाने आलेला माणूस त्यांच्याशी दोन मिनिटं बोलला की "चालेल, उद्या आलं तरी चालेल" म्हणत परत जाई. बायकोचं काम त्यांच्याकडे होतं आणि आवाज असा, की माईकची गरजच नव्हती.

"गेलात हो! मला एकटीला टाकून गेलात!" बाई रडल्या.

"हुस्स, फुस्स," नवरा म्हणाला.

"थांबा," दिग्दर्शक म्हणाले. "काका, तुम्ही मेलेले आहात."

"हो साहेब."

"मग श्वास?"

"तो घ्यावा लागतो साहेब."

"घ्या ना, पण कुणाला दिसता कामा नये! हे पोट बघा, लाटेवर होडी हलावी तसं हलतंय. लोक बाईंच्या रडण्याकडे बघणार की या होडीकडे?"

सगळे हसले. काकाही हसले, पण घरी जाताना त्यांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांनी काम मिळालं, तेही न बोलण्याचं, आणि आता श्वासावरून ते हातचं जाणार!

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. काकांनी मनाशी ठरवलं, दम कोंडायचा सराव करायचा. माणूस सरावाने काय करू शकत नाही? जेवण झाल्यावर ते दिवाणावर उताणे झाले, छाती फुगवून हवा भरली, तोंड मिटलं, डोळे मिटले आणि गप्प पडून राहिले. थोड्या वेळाने कानात गुणगुण सुरू झाली. मग छातीत कुणीतरी आतून दार ठोठावतंय असं वाटायला लागलं. काकांनी दार उघडलं नाही.

नेमक्या त्याच वेळी काकू वाळलेले कपडे घेऊन खोलीत आल्या. नवरा निपचित. चेहरा वांग्यासारखा. छाती हलत नाही.

"अहो!" काकू म्हणाल्या. मग "अहो!!" म्हणाल्या. आणि मग त्यांनी जी किंकाळी मारली तिच्यापुढे तक्रारबाईंचा हंबरडा म्हणजे कुजबुज. शेजारचे धावले, वरचे धावले, सूनबाई हातात चमचा तसाच घेऊन स्वयंपाकघरातून धावल्या. त्याच क्षणी काकांचा दम सुटला. एखादी ट्यूब फुटावी तसा आवाज झाला आणि प्रेत उठून बसून धापा टाकायला लागलं. दारात उभे असलेले वरचे गृहस्थ ते पाहून मटकन खालीच बसले. मग सगळ्यांनी त्यांना पाणी दिलं.

सगळी पांगापांग झाल्यावर काकू स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच आपटत बसल्या. सूनबाई दिवाणाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. दमेकऱ्यांना, ऑपरेशन झालेल्यांना नीट श्वास घ्यायला शिकवणं हेच त्यांचं रोजचं काम. लग्न होऊन या घरात आल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, पण सासऱ्यांशी बोलणं "बाबा, जेवायला चला" आणि "बाबा, चष्मा टीव्हीवर आहे" याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं.

"बाबा, कशासाठी केलंत हे?"

काकांनी खालमानेने सगळं सांगितलं. होडीसकट. सूनबाईंनी हसू आवरायचा प्रयत्न केला, तो फसला.

"दम कोंडून काही होणार नाही," त्या म्हणाल्या. "आत दार ठोठावतं म्हणालात ना? ती हवा संपल्याची ओरड नसते. आत जो वापरलेला वायू साठतो ना, कार्बन डायऑक्साइड, तो ठोठावत असतो, मला बाहेर काढा म्हणून. जितकं कोंडाल तितका तो जास्त दांडगाई करणार. आणि सुटला की हा असा स्फोट. एक सांगा, श्वास घेताना हवा आत कोण ओढतं?"

"फुप्फुसं."

"फुप्फुसांना कुठली ताकद? त्या नुसत्या पिशव्या. त्यांच्या खाली छाती आणि पोट यांच्या मधोमध स्नायूचा एक पडदा असतो. तो खाली गेला की वर जागा होते आणि हवा आपण होऊन आत येते. पडदा वर आला की हवा बाहेर."

"पडदा?" काका सावरून बसले. "म्हणजे दोरी कोण ओढतं?"

"मेंदू. झोपेतसुद्धा. पण हवी तेव्हा आपल्यालाही हातात घेता येते. तुम्ही मात्र त्या पडद्याला काही काम देतच नाही. तोंड उघडता, खांदे उचलता आणि वरच्या वरच हवा ओरबाडता. म्हणजे दोरी सोडून अख्खं थिएटर उचलायला बघता, बाबा."

हे काकांना अगदी आतपर्यंत पटलं. अडकलेला पडदा जोर लावून ओढला की छतच खाली येतं, हे त्यांनी एकदा करून पाहिलं होतं.

सूनबाई आत गेल्या आणि नातीचं रबरी बदक घेऊन आल्या. काकांना झोपवून त्यांनी ते त्यांच्या पोटावर ठेवलं. "तोंड मिटा. हवा नाकातून. नाकात ती गाळली जाते, गरम होते, ओली होते. तोंडाला यातलं काही येत नाही. खांदे सैल. आता बदक वर जाऊ दे. आणि सोडताना घाई नको, घेतलात त्यापेक्षा सावकाश सोडा."

बदक वर गेलं. बदक खाली आलं. सुरुवातीला ते वादळात सापडल्यासारखं गटांगळ्या खात होतं, पण हळूहळू पाणी शांत झालं. नात बाजूला बसून बदकाला हाका मारत होती. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, नवऱ्याच्या पोटावरचं बदक बघितलं आणि परत गेल्या. भांड्यांचा आवाज मात्र कमी झाला.

पुढे रोज संध्याकाळी हा कार्यक्रम सुरू झाला. काकांना गंमत वाटायला लागली. ऑफिसचा जिना ते आता तोंड मिटून, पायरीच्या तालावर श्वास सोडत चढायचे. "हुस्स, फुस्स" बंद झालं आणि एके दिवशी वरच्या मजल्यावरचे कारकून हातात पत्ते असतानाच साहेबांना सापडले. त्यांनी काकांना फितूर ठरवलं.

पण नाटकाचं काय? बदक जितकं छान वर-खाली व्हायला लागलं तितकी होडी जास्त ठळक दिसायला लागली. दिग्दर्शक म्हणाले, "काका, आवाज गेला, छान झालं. पण पोट आता फारच समाधानी दिसतंय."

सूनबाईंनी यावरही तोड काढली. "पोटाऐवजी बरगड्या बाजूला आणि पाठीकडे उघडायच्या. छत्री उघडते तशा, पण थोड्याच. निवांत पडलेल्या माणसाला हवा लागते कितीशी? तुम्ही उगाच मोठे श्वास घेता. भराभर घेतलेत तर उलट बोटांना मुंग्या येतील. छोटा, हलका, सावकाश. पाठीखाली मऊ गादी असू दे, म्हणजे जी काय हालचाल व्हायची ती गादीत जिरेल."

ही युक्ती लागू पडली. पुढच्या तालमीत काका पलंगावर पडले आणि खरंच मेले. दिग्दर्शक भोवती फिरले, वाकून बघितलं, टिचकी वाजवली. काहीच नाही. "वा!" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तालीम रंगली. तक्रारबाई रडल्या, मुलं भांडली, आणि ऐन भांडणात पलंगावरून एक लांबलचक घोरणं ऐकू आलं.

त्यात काकांचा दोष नव्हता. श्वास इतका संथ झाला की अंगातला सगळा ताण उतरायचा आणि डोळा लागायचा. सूनबाईंनी उशी उंच करायला सांगितली. पण झोप कशी थांबवणार? शेवटी काकांनीच उपाय शोधला. पडल्या पडल्या ते सगळ्यांचे संवाद मनातल्या मनात म्हणायला लागले. बायकोचे, थोरल्याचे, धाकट्याचे. प्रयोगाचा दिवस जवळ येईपर्यंत अख्ख्या मंडळात पूर्ण नाटक तोंडपाठ असलेला माणूस एकच होता, आणि तो मेलेला होता.

नाट्यस्पर्धेतला मंडळाचा प्रयोग दुपारचा होता. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत परीक्षक, तिसऱ्या रांगेत काकू, सूनबाई, मुलगा आणि नात. काकांनी पलंगावर अंग टाकलं, खांदे सैल सोडले, नाकातून हलकेच हवा घेतली. दोरी आज दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. पडदा उघडला.

तक्रारबाई विंगेतून धावत आल्या, "गेलात हो!" म्हणाल्या आणि त्यांनी समोर पाहिलं. खिडकीतून त्यांनी हजारो माणसं पाहिली होती, पण एकेक करून, आणि मध्ये गज होते. इथे ती सगळी एकदम बसली होती, गप्प. कुणीच तक्रार करत नव्हतं. बाईंचे हातपाय गार पडले. त्या काकांच्या छातीवर कोसळल्या. ठरलंही तसंच होतं. पण ठरल्याप्रमाणे उठून बोलायचं होतं, त्या उठल्याच नाहीत.

काकांना छातीवर त्यांचा श्वास जाणवत होता. भात्यासारखा, भराभर, वरच्या वर. त्या कुजबुजल्या, "काका, श्वासच येत नाहीये हो मला. बोटांना मुंग्या आल्यात. मी मरतेय."

ऑफिसात काका बाईंना "अहो बाई" म्हणत. आत्ता ते भान राहिलं नाही. ओठ न हलवता, मिशांच्या आडून त्यांनी म्हटलं, "पोरी, श्वास येतोय तुला. जरुरीपेक्षा जास्त येतोय. म्हणून मुंग्या. घेऊ नकोस, सोड. सावकाश सोड."

"जमत नाही."

"माझ्या छातीवर कान आहे ना तुझा? माझ्याबरोबर सोड. मी सोडतोय... अजून सोडतोय... आता थोडा घे, नाकातून. पुन्हा सोड."

रंगमंचावर शांतता पसरली. विंगेत दिग्दर्शकांनी वहीचा पुठ्ठा चावायला घेतला. धाकट्या मुलाला, म्हणजे मीटर तपासनिसाला, बापाचा हात धरून उभं राहायचं होतं. तो बिचारा हात धरून उभाच होता आणि पुढचं वाक्य कधी येतंय याची वाट पाहत घामाघूम झाला होता. प्रेक्षागृहात मात्र कुणी खोकलंसुद्धा नाही. एक बाई नवऱ्याच्या छातीवर डोकं ठेवून पडली आहे, तिचे हुंदके हळूहळू थांबताहेत, एवढंच लोकांना दिसत होतं. दोन-चार जणांनी रुमाल काढले.

बाईंचा श्वास उतरला. बोटांत ऊब आली. "ऊठ आता," काका पुटपुटले. "वाक्य आहे, 'यांचा जीव माझ्यावर होता.'"

बाई उठल्या. प्रेक्षकांकडे पाहिलं. पण डोक्यात इतका वेळ एकच गोष्ट घुमत होती, तीच खिडकीवरच्या खणखणीत आवाजात बाहेर पडली.

"सोड!" त्या गरजल्या. "सावकाश सोड!"

मीटर तपासनीस दचकला. हे वाक्य नाटकात नव्हतं, पण तक्रारबाईंनी सांगितलेलं न ऐकण्याची खात्यात कुणाची छाती नव्हती. त्याने बापाचा हात सोडला. सावकाश. एकेक बोट करून. हात पलंगावर अलगद टेकला, आणि सगळ्या सभागृहातून एक सुस्कारा उमटला.

त्यानंतर बाईंनी जे काम केलं ते तालमीतही कधी केलं नव्हतं. जिथे अडल्या तिथे नवऱ्याच्या कुशीत शिरून रडल्या आणि पुढचं वाक्य घेऊन वर आल्या. त्या सात-आठ वेळा रडल्या. लोकांना वाटलं, किती प्रेम होतं!

बक्षिसं जाहीर करताना परीक्षक म्हणाले, "मुलाने वडिलांचा हात एकेक बोट करून सोडला, त्या क्षणाने आम्हाला हलवलं. ही दिग्दर्शनाची कमाल आहे." दिग्दर्शकांनी मान लववली. ते वाक्य कुठून आलं, हे त्यांनी आजतागायत कुणाला विचारलं नाही. अभिनयाचं पहिलं बक्षीस तक्रारबाईंना मिळालं. प्रेताविषयी परीक्षक काही बोलले नाहीत. काकांना त्याचं वाईट वाटलं नाही. प्रेताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, याहून मोठी दाद ती कोणती?

तक्रारबाई चहाच्या टेबलापाशी भेटल्या. हातात करंडक होता. "काका, यातला अर्धा तुमचा."

"काय उपयोग? अर्धा करंडक ठेवू कुठे?" काका म्हणाले. "आणि बाई, ते मघाशी 'पोरी' म्हणालो ते—"

"तेच म्हणत जा," बाई म्हणाल्या.

घरी जाताना मुलगा आणि नात पुढे चालत होते. सूनबाई काकांच्या बरोबरीने चालत विचारत होत्या, "बाबा, मधे एकदा तुमच्या बरगड्या पुढच्या बाजूला हलल्या. तेव्हा काय झालं?"

"मिशीत बाईंचे केस गेले होते. शिंक आली होती. ती सावकाश सोडली."

"शिंक सावकाश सोडली?" सूनबाई थांबल्याच. "हे मला उद्या इस्पितळात सगळ्यांना सांगायला हवं."

काकू मात्र निघाल्यापासून तोंड फुगवून चालत होत्या. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर काकांनी विचारलं, "काय गं, नाटक आवडलं नाही का?"

"मी कुठे पाहिलं नाटक?" काकू म्हणाल्या. "माझे डोळे तुमच्या पोटावर. हलतंय की नाही, हलतंय की नाही. माहीत होतं सगळं, तरी एकदा तर उठून वर येणार होते. सूनबाईने पदर धरून बसवलं." त्यांनी नाक पुसलं. "सांगून ठेवते, पुढच्या वर्षी मरायचं नाही."

"अगं, नाटकात..."

"नाटकात नाही, कशातच नाही. दुसरं काहीही काम घ्या. माळी व्हा, चोर व्हा. बोलता येत नसेल तर मुका व्हा. पण डोळे उघडे पाहिजेत."

काकांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्यांनी दिग्दर्शकांना तसं सांगितलं. दिग्दर्शकांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "पुढच्या नाटकात एक वेडा आहे. अखंड बोलतो. एकाही वाक्याला अर्थ नाही, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न नाही."

काका घरी आले आणि त्यांनी ही बातमी काकूंना दिली. काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं, "शेवटी मरतो का?"

"नाही. शेवटी बरा होतो."

"मग घ्या," काकू म्हणाल्या.